कमोडच्या कडेला पाणी? फरशी फोडण्याआधी हे बघा

कमोडच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात, सकाळी तळहाताएवढी ओल दिसते. आंघोळीचं पाणी उडालं असेल म्हणून आपण पायपुसणं सरकवून त्यावर टाकतो. दुसऱ्या दिवशी पायपुसणं ओलं असतं. तिसऱ्या दिवशी ते वाळत घालून दुसरं आणतो. बऱ्याच घरांत हा कार्यक्रम महिनाभर चालतो आणि मग एक दिवस खालच्या मजल्यावरच्या काकू छताचा फोटो पाठवतात. त्यात पिवळसर डाग असतो आणि त्याखाली फक्त एक प्रश्नचिन्ह.

त्यानंतर सगळं घाईत होतं. प्लंबर येतो, इकडेतिकडे बघतो आणि म्हणतो, "फरशी फोडावी लागेल." कधीकधी ते खरंच असतं. पण पुष्कळदा पाणी येत असतं एका झिजलेल्या वॉशरमधून, ज्याची किंमत मसाला डोशाच्या एका प्लेटपेक्षा कमी असते. म्हणून हातोडी येण्याआधी एक संध्याकाळ खर्च करायची आणि पाणी नेमकं कुठून येतंय हे आपणच शोधायचं. त्याला अवजारं फारशी लागत नाहीत. टॉर्च, टिश्यू पेपर, जुनं वर्तमानपत्र, पेन्सिल आणि थोडा बिटाचा रस. हो, बिटाचा. त्याकडे येतेच.

देवनहळ्ळीत गळती महाग का पडते

टिपू सुलतानाचं जन्मगाव आणि चकोत्याची फळं, ही देवनहळ्ळीची जुनी ओळख. मे २००८ मध्ये इथे विमानतळ सुरू झाला आणि त्यानंतर अपार्टमेंट, व्हिला, लेआउट यांची रांगच लागली. पुण्या-नागपूरहून, बेळगावहून आलेली आपली कितीतरी माणसं आता या भागात राहतात. घरं नवी आहेत, लिफ्ट आहे, क्लबहाऊस आहे. पाणी मात्र बहुतेक ठिकाणी बोअरवेलचं नाहीतर टँकरचं.

बेंगळुरू शहराला कावेरीचं पाणी मिळतं, तेही सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून आणलेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. तो शहराच्या हद्दीत नंतर सामील झालेल्या ११० गावांसाठी होता, आणि देवनहळ्ळी त्या गावांत नाही. अर्कावती नदी इथून जवळच्या नंदी टेकड्यांत उगम पावते, पण तिच्या भरवशावर कोणाच्या घरचा नळ चालत नाही.

२०२४ चा उन्हाळा आठवतोय? मार्चमध्ये शहराच्या जलमंडळाने पिण्याचं पाणी गाड्या धुवायला, बागेला वापरण्यावर बंदी घातली, दंड ५,००० रुपये. त्याच सुमारास बेंगळुरू शहर जिल्हा प्रशासनाने टँकरचे दर ठरवून दिले. ५ किलोमीटरच्या आत ६,००० लिटरच्या टँकरला ६०० रुपये. तो दर शहर जिल्ह्यापुरता होता, पण ६,००० लिटर हा आकडा लक्षात ठेवा.

कारण हिशोब असा आहे. फ्लश टँकमधून कमोडमध्ये दर मिनिटाला फक्त एक चहाचा कप, म्हणजे साधारण १५० मिलिलिटर पाणी झिरपतंय असं समजा. आवाज नाही, डबकं नाही, दिसतंही नाही. दिवसाला ते २१६ लिटर होतं. महिन्याला ६,४८० लिटर. एक आख्खा टँकर कोणी न वापरता ड्रेनेजमध्ये गेला, आणि त्याचे पैसे मेंटेनन्समधून सगळ्यांनी भरले.

आणि पैशापेक्षा मोठी काळजी पायाची आहे. रात्री दोन वाजता उठलेल्या आजोबांचा पाय त्या तळहाताएवढ्या ओलीवरच घसरतो.

एक संध्याकाळ, चार पायऱ्या

गळती शोधताना पाणी 'कुठे' दिसतं यापेक्षा ते 'कधी' येतं हे जास्त उपयोगाचं असतं. पाणी उतार शोधत जातं. भिंतीतल्या नळाशी गळलेलं पाणी फरशीच्या सांध्यातून फिरून कमोडच्या पुढे येऊन थांबू शकतं. त्यामुळे जिथे ओल आहे तिथेच भोक असेल असं धरून चालू नका.

रात्री सगळ्यांचं आटोपल्यावर बाथरूम कोरडं पुसून घ्या. कमोडचा पाया, मागची भिंत, टँकचा तळ, सगळं. आता भिंतीतून निघणारे दोन छोटे नळ शोधा. एक फ्लश टँकला पाणी देतो, दुसरा जेट स्प्रेला. यांनाच अँगल कॉक म्हणतात. दोन्ही बंद करा. कमोडच्या पायाभोवती वर्तमानपत्राच्या पट्ट्या अंथरा आणि नळांच्या खाली टिश्यू ठेवा. घरात दुसरं टॉयलेट असेल तर रात्रभर तेच वापरायचं, नसेल तर दोन-तीन तासांवर भागवा.

सकाळी कागद कोरडा असेल तर दोन्ही अँगल कॉक उघडा, पण फ्लश करू नका. तासाभराने बघा. आता ओल आली तर गळती येणाऱ्या पाण्याच्या बाजूला आहे. नळ, नळी, जेट स्प्रे किंवा टँक. यातलं बहुतेक काम घरच्या घरी होतं.

अजूनही कोरडं? मग लागोपाठ तीन वेळा फ्लश करा आणि खाली वाकून टॉर्चने बघत राहा. फ्लश केल्यावरच पाणी येत असेल तर आधी टँकच्या तळाशी टिश्यू लावून बघा. तिथे ओलं झालं तर टँक आणि कमोड यांच्यामधलं रबर गेलंय, पाणी स्वच्छ आहे. टँकचा तळ कोरडा आणि पायाशी ओल, तर मामला जाणाऱ्या पाण्याचा आहे. हे गंभीर, याबद्दल पुढे सविस्तर.

फ्लश करूनही काही नाही? मग आंघोळीच्या जागेत दोन बादल्या पाणी ओता. आता जर कमोडजवळ ओल आली तर कमोड बिचारा निर्दोष आहे, दोष फरशीच्या सांध्यांचा किंवा नहाणी ट्रॅपचा.

एक शक्यता राहते. सगळं बंद असतानाही सकाळी कागद ओला मिळाला. अशा वेळी बाथरूमला पाणी देणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून तोच प्रयोग पुन्हा करा. आता कोरडं राहिलं तर अँगल कॉक स्वतःच गळतोय किंवा भिंतीतल्या पाइपला चीर आहे. तरीही ओलं झालं तर फरशीखाली आधीच साठलेलं पाणी वर येतंय.

आमच्याच मजल्यावरच्या एका आजींकडे हा प्रयोग कोणी केला नाही. कमोडच्या उजवीकडे ओल होती म्हणून उजवीकडच्या चार फरश्या निघाल्या, नव्या बसल्या. त्या रंगाच्या मिळाल्या नाहीत म्हणून जवळपासच्या रंगाच्या बसल्या. आठ दिवसांनी पुन्हा ओल. शेवटी सापडलं ते असं की जेट स्प्रेच्या नळीचा खालचा नट भिंतीकडच्या बाजूने पाझरत होता आणि थेंब नळीवरून घरंगळत उजवीकडे पडत होता. वॉशर बदलायला दहा मिनिटं लागली. आजी आता आलेल्या प्रत्येकाला त्या वेगळ्या रंगाच्या फरश्या दाखवतात.

नळ, नळी आणि जेट स्प्रे

अँगल कॉक तीन ठिकाणी गळतो. मुठीखालून पाणी येत असेल तर मुठीच्या मागचा छोटा नट पान्ह्याने पाव फेरा आवळा, बहुतेकदा तेवढ्याने थांबतं. नळी जोडली आहे तिथून येत असेल तर अँगल कॉक बंद करून नळी सोडवा, आतला वॉशर कडक किंवा चपटा झालेला दिसेल. तोच नमुना दुकानात घेऊन जा, अंदाजाने आणू नका. आणि भिंतीत जिथे नळ शिरतो तिथून येत असेल तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करून नळ काढून, आट्यांवर नवी टेफ्लॉन टेप गुंडाळावी लागते. टेप आट्या ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने गुंडाळायची, नाहीतर बसवताना ती सुटून गोळा होते. हे काम पहिल्यांदाच करत असाल तर जवळ जाणकार कोणीतरी असू द्या.

जेट स्प्रेची नळी ही घरातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट असावी. आपण हँडल सोडतो म्हणजे पाणी बंद झालं असं वाटतं, पण नळीत पाण्याचा दाब चोवीस तास असतो. स्टीलच्या जाळीवर तांबूस डाग दिसले, नळी कुठे फुगलेली वाटली तर ती बदलाच. गणपतीला किंवा दिवाळीला गावी निघताना गॅसचा नॉब बघतो तसे हे दोन अँगल कॉकही बंद करून निघा. नळी फुटायला कोणताही मुहूर्त लागत नाही.

टँक आतून गळतो तेव्हा

ही गळती फरशीवर येत नाही, म्हणूनच ती वर्षानुवर्षं चालते. इथे बिटाचा रस कामाला येतो. जिलेबीचा खायचा रंग असला तरी चालेल. टँकचं झाकण उचला, दोन चमचे रस आत टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमधलं पाणी गुलाबी झालं तर टँकच्या तळाचं रबरी झाकण नीट बसत नाहीये. लहान मुलांना हा प्रयोग फार आवडतो, अर्ध्या तासात दहा वेळा जाऊन बघून येतात.

किती पाणी जातंय हेही मोजता येतं. अँगल कॉक बंद करून टँकच्या आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलची रेघ मारा आणि तासाभराने बघा. पातळी खाली गेली तर तळाचं रबर दोषी. पातळी तिथेच राहिली, पण नळ चालू असताना पाणी सतत वाहतं, तर फ्लोट दोषी. फ्लोट म्हणजे पाणी भरल्यावर नळ बंद करणारा तो तरंगता गोळा किंवा डबी. टँकच्या मधोमध एक उभी नळी असते, जादा पाणी तिच्यातून कमोडमध्ये पडतं. पाण्याची पातळी त्या नळीच्या तोंडाच्या साधारण एक इंच खाली हवी. त्याहून वर असेल तर फ्लोटचा स्क्रू फिरवून पातळी खाली आणा.

इकडच्या बोअरवेलच्या पाण्याचा इथे खास संबंध आहे. पाणी जड आहे हे बादलीवरच्या पांढऱ्या थरावरून कळतंच. तोच थर टँकच्या आत रबर जिथे टेकतं त्या कडेवर आणि फ्लोटच्या बारीक छिद्रांत साचतो. रबर चांगलं असूनही कड खडबडीत झाल्यामुळे पाणी झिरपतं. म्हणून नवीन सेट विकत घेण्याआधी पाणी बंद करून, टँक रिकामा करून ती कड पुसून बघा. निघणारे सुटे भाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या सत्त्वाच्या कोमट पाण्यात तासभर भिजवून जुन्या टूथब्रशने घासा. बाथरूम साफ करायचं ॲसिड टँकमध्ये ओतू नका, त्याने धातूचे भाग आणि रबर दोन्ही खराब होतात. आणि ॲसिड व ब्लीच एकत्र तर कधीच नको, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

नव्या अपार्टमेंटमध्ये टँक भिंतीत लपवलेला असतो, बाहेर फक्त दोन बटणांची पट्टी. घाबरू नका, भिंत फोडायची नसते. ती पट्टी निघते आणि आतले सगळे भाग त्याच खिडकीतून बाहेर येतात, पाणी बंद करायचा छोटा व्हॉल्व्हसुद्धा आतच असतो. पट्टी कशी निघते हे मॉडेलप्रमाणे बदलतं, त्यामुळे ओढाताण करण्याआधी कंपनीचा व्हिडिओ बघून घ्या.

पायाशी येणारं पाणी

फ्लश केल्यावर कमोडच्या पायाशी पाणी येतं, वास येतो, कडेचं सिमेंट काळपट झालंय. हे सांडपाणी आहे. इथे माझं मत स्पष्ट आहे: वरून व्हाइट सिमेंट थापून घेऊ नका. प्लंबर तेच सुचवेल, कारण ते पाव तासात होतं. चार दिवस कोरडंही दिसेल. पण आतला सांधा उघडाच असतो, पाणी फक्त बाहेर यायचं थांबून खाली जायला लागतं. मग तुमची फरशी कोरडी आणि काकूंचं छत ओलं.

कमोडच्या आत वळणदार नळी असते. त्या वळणात सतत थोडं पाणी साठून राहतं, ते ड्रेनेजचा वायू घरात येऊ देत नाही. ही युक्ती जुनी आहे. अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. वळण कमोडच्या आत सुरक्षित असतं, प्रश्न असतो तो त्याच्या पुढच्या सांध्याचा, जिथे कमोड जमिनीतल्या किंवा भिंतीतल्या पाइपला जोडलेला असतो. जुन्या कामांत हा सांधा नुसता सिमेंटने भरलेला असतो. कमोड जरासा हलला तरी सिमेंटला चीर जाते. नव्या कामांत तिथे रबराचा कनेक्टर असतो, तो थोडी हालचाल सहन करतो.

म्हणून आधी कमोड हलतोय का ते बघा. दोन्ही हातांनी धरून हळूच डावी-उजवीकडे ढकला. हलत असेल तर पायाचे स्क्रू थोडे आवळता येतात, पण जोर लावला तर चिनी मातीला तडा जातो आणि मग आख्खा कमोडच घ्यावा लागतो. सांधाच गेला असेल तर योग्य काम एकच. कमोड उचलायचा, जुनं सिमेंट खरवडून काढायचं, नवा कनेक्टर बसवायचा, कमोड समपातळीत ठेवून स्क्रू आवळायचे आणि कडेने सिलिकॉन भरायचं. त्यानंतर चोवीस तास वापर बंद. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि घरच्या घरी करू नये असं मी म्हणेन.

सिलिकॉन भरताना मागच्या बाजूला दोन बोटांची फट सोडायला सांगा. पुढे कधी सांधा गळला तर पाणी तिथून बाहेर दिसेल. प्लंबर कदाचित वाद घालतील, पूर्ण बंद केलेलं दिसायला चांगलं असतं म्हणून. तुम्ही आग्रह धरा. तोवर त्या जागेत हातमोजे घालून पुसायचं आणि रांगत्या बाळाला बाथरूमच्या दारापासून लांब ठेवायचं.

फरशीखाली दडलेलं तळं

वरच्या मजल्यांवर बाथरूमखालचा स्लॅब खोलगट ठेवलेला असतो. त्या खोलगट भागात पाइप टाकतात, वर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा भराव आणि त्यावर फरशी. सांध्यांतून उतरलेलं पाणी या भरावात स्पंजसारखं साठतं आणि हळूहळू खाली पाझरतं. यामुळे फार गैरसमज होतात. तुम्ही गळती आज दुरुस्त केलीत तरी खालचं छत पुढे काही आठवडे ओलं राहू शकतं, आणि खालच्यांना वाटतं तुम्ही खोटं बोलताय. काम झालं की हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

फरशीचे सांधे दोषी ठरले तर ते खरवडून एपॉक्सी ग्राउट भरून घेणं हा पहिला उपाय. त्याने भागलं नाही तरच फरशी काढून वॉटरप्रूफिंग. आणि ते केलंच तर नव्या फरश्या बसवण्याआधी दोन-तीन दिवस पाणी तुंबवून खालचं छत तपासायला लावा. मिस्त्री घाईत असतो, ही पायरी गाळायला बघतो.

खर्च कोणाचा यावरून शेजाऱ्यांत जे होतं ते वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत ते स्पष्ट आहे. घरातल्या टॉयलेट, सिंकच्या गळतीचा खर्च त्या फ्लॅटधारकाचा आणि बाहेरच्या सामायिक पाइपलाइनच्या गळतीचा संस्थेचा. कर्नाटकात तुमच्या असोसिएशनची नियमावली बघावी लागेल. भाड्याने राहत असाल तर प्रयोगाचे फोटो तारखेसह मालकांना पाठवून ठेवा. डागाचा फोटो अपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकण्याऐवजी वर जाऊन बेल वाजवली तर निम्मं भांडण होतच नाही.

प्लंबर बोलवाल तेव्हा 'लीक' हा शब्द सगळ्यांना कळतो, पण "नीरु सोर्ता इदे", म्हणजे पाणी गळतंय, एवढं कन्नड आलं तर समोरचा जरा मोकळेपणाने बोलतो. पुढे काय तपासलं तेही सांगा: फ्लश केल्यावर येतं, नळ बंद असताना येत नाही, टँक कोरडा आहे. एवढं ऐकल्यावर तो थेट फरशीकडे बोट दाखवत नाही.

काम झाल्यावर लगेच पायपुसणं टाकू नका. दोन रात्री तिथे कोरडा कागद राहू द्या.